नोकरीवरून काढले जात असताना: पहिले काही दिवस, कायद्याचा आधार आणि दाद मागण्याची वाट

नोकरीवरून काढण्याच्या वादाचा निकाल पुढे कधीतरी कामगार न्यायालयात लागत असला, तरी त्याचा पाया पहिल्या आठ-दहा दिवसांतच पडलेला असतो. त्या दिवसांत कामगाराने कशावर सही केली, काय लेखी कळवले आणि कोणते कागद जपून ठेवले, यावरच पुढे वकिलाला बाजू मांडता येते. म्हणून कलमांकडे वळण्यापूर्वी त्या दिवसांचा विचार आधी करणे योग्य ठरेल. पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील खासगी क्षेत्रातल्या नोकरदारांसाठी आहे. शासकीय कर्मचाऱ्यांना संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण आणि प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट स्वतंत्रपणे उपलब्ध आहे, तर खासगी शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना १९७७ च्या कायद्यानुसार शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे लागते.

सही करण्यापूर्वी

कामावरून कमी करण्याची सर्वांत रूढ पद्धत अशी, की दुपारी चार-साडेचारला एचआरच्या केबिनमध्ये बोलावून घ्यायचे, "स्वतःहून राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर चांगले देऊ, नाहीतर टर्मिनेशन काढावे लागेल आणि पुढे नोकरी मिळणे अवघड जाईल," असे समजुतीच्या सुरात सांगायचे, आणि आधीच टाइप करून ठेवलेला मजकूर सहीसाठी पुढे सरकवायचा. या समजुतीच्या सुरामागे रोकडा हिशेब असतो. राजीनामा दिला की नोकरी कामगाराने स्वतः सोडली असे ठरते. मग नोटीस, कपातीची भरपाई आणि चौकशी यांपैकी कशाचीच जबाबदारी मालकावर उरत नाही, आणि सही दबावाखाली झाली हे सिद्ध करण्याचा भार मात्र कामगारावर येतो.

ज्याला नोकरी सोडायची नाही, त्याने "मला विचार करायला वेळ हवा आहे, आपले म्हणणे लेखी द्या," एवढेच सांगून सही न करता बाहेर पडावे. केबिनमध्ये आवाज चढवून काहीही साधत नाही. उलट उद्धट वर्तनाचा नवा आरोप पदरात पडतो. त्याच संध्याकाळी कंपनीच्या आणि स्वतःच्या खासगी अशा दोन्ही ईमेलवरून पुढीलप्रमाणे मजकूर पाठवावा, कारण कंपनीचा ईमेल रात्रीतून बंद होण्याची शक्यता असते:

"आज दि. … रोजी दुपारी … वाजता मला मनुष्यबळ विभागात बोलावून राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही व तो देण्याची माझी इच्छा नाही. मी उद्या नेहमीच्या वेळी कामावर हजर राहणार आहे. मला कामावरून कमी करावयाचे असल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत."

या चार वाक्यांतले तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे आहे आणि त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी खरोखरच कामावर जायला हवे. गेटवर सुरक्षारक्षकाने अडवले, तर वाद न घालता तिथूनच वरिष्ठांना "सकाळी … वाजता गेटवर आलो, आत सोडलेले नाही" असा संदेश पाठवावा. पंचिंग कार्ड चालत नसेल तर तेही त्यात लिहावे, आणि एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवून त्याची पावती सांभाळावी. हा खटाटोप यासाठी, की पुढे न्यायालयात मालकाचा ठरलेला बचाव "आम्ही काढलेच नाही, तोच यायचा बंद झाला" हा असतो. घरी बसून वाट पाहिलेल्या कामगाराला हा बचाव खोडून काढताना फार जड जाते. अर्थात, खरोखर गैरहजर राहिलेल्या कामगाराचे नावही मस्टरवरून परस्पर उडवता येत नाही. स्थायी आदेशांत, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या लेखी नियमांत, आठ दिवसांच्या गैरहजेरीनंतर नोकरी आपोआप संपते असे कलम असले, तरी त्याला म्हणणे मांडण्याची संधी न देता काढणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात दिलेला आहे.

सही होऊन गेली असेल तर ती कोणत्या परिस्थितीत घेतली गेली, हे विनाविलंब लेखी कळवावे. पुढील तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केलेले आहे. करारात किंवा सेवानियमांत त्याविरुद्ध काही तरतूद आहे का, एवढे मात्र पाहावे. महिनाभर गप्प राहून, हिशेबाचे पैसे घेऊन, नंतर दबावाची तक्रार केली तर तिच्यावर विश्वास बसणे कठीण असते.

कागदांपैकी नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पगार जमा होणाऱ्या बँक खात्याचा उतारा, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, ईएसआयसी कार्ड, हजेरीच्या नोंदी आणि चांगल्या कामाबद्दल आलेले ईमेल यांच्या प्रती घराच्या पत्त्यावर असाव्यात. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांनी गेटपास आणि मूळ कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या कामाच्या सूचना विशेष जपाव्यात, कारण खरा मालक कोण हा प्रश्न तिथे आधी उभा राहतो. ग्राहकांच्या याद्या, सोर्स कोड, दरपत्रके असली कंपनीची गोपनीय सामग्री मात्र खासगी ईमेलवर मुळीच पाठवू नये. तसे केले तर कंपनीला आजवर नसलेले कारण आयतेच मिळते.

कायद्याच्या दृष्टीने आपण कामगार आहात का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा स्थायी आदेश कायदा व १९२६ चा कामगार संघटना कायदा हे तिन्ही तिच्यात सामावले गेले. या संहितेचे संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते. अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारा माणूस तिच्यात येतो. मुख्यत्वे व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा येत नाही, आणि दरमहा १८,००० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारा देखरेख अधिकारीही येत नाही. ही १८,००० ची मर्यादा केवळ देखरेखीच्या कामाला आहे. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याचा पगार लाखाच्या घरात असला, तरी तेवढ्याने तो व्याख्येबाहेर जात नाही.

बरेच नोकरदार इथेच आपला हक्क स्वतःहून सोडून देतात. व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापलेले असते, म्हणून आपल्याला कामगार कायदा लागू नाही असे ते गृहीत धरतात. न्यायालय मात्र पदाच्या नावाकडे न पाहता प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहते. हाताखाली कोणी आहे का, कोणाची रजा मंजूर करण्याचा, कोणाला नेमण्याचा वा शिक्षा करण्याचा अधिकार आहे का, दिवसातला बहुतेक वेळ कशात जातो, हे प्रश्न विचारले जातात. पुण्यात हिंजवडीला दिवसभर कोड लिहिणारा किंवा टेस्टिंग करणारा 'मॅनेजर' या कसोटीवर कामगार ठरू शकतो. म्हणून नेमके काम दाखवणारे ईमेल आणि कामाच्या वाटपाच्या नोंदी जपणे अशा लोकांना अधिकच आवश्यक आहे.

जो खरोखरच व्यवस्थापक आहे, त्याची भिस्त नेमणूकपत्रातील अटींवर असते. ठरलेली नोटीस किंवा तिच्या बदल्यातील पगार, देय बोनस आणि रजेचे पैसे यांसाठी तो दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. परंतु वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने अमलात आणत नसल्यामुळे, पुन्हा खुर्चीवर बसवा अशी मागणी तिथे सहसा टिकत नाही. अशाने वाटाघाटीतच जास्तीत जास्त महिन्यांचा पगार पदरात पाडून घेणे शहाणपणाचे.

कारण कोणते, त्यावर पद्धत ठरते

काढण्याचे कारण गैरवर्तन असेल, तर चौकशीशिवाय शिक्षा होऊ शकत नाही. आरोप लेखी आणि नेमके हवेत. "वर्तन समाधानकारक नाही" असे मोघम आरोपपत्र टिकत नाही. खुलासा देण्यास वाजवी वेळ, अंतर्गत चौकशीत कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी, आणि चौकशी अहवालाची प्रत, एवढे तरी मिळायला हवे. कारणे दाखवा नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे. मुदत अपुरी असेल तर ती वाढवून मागणारे पत्र द्यावे, पण गप्प बसू नये. चौकशी एकतर्फी वाटली तरी तिच्यावर बहिष्कार टाकण्यापेक्षा हजर राहून प्रत्येक हरकत कामकाजाच्या नोंदीत लिहायला लावणे हिताचे असते, आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या पानावर सही करणे कटाक्षाने टाळावे. चौकशीच्या काळात निलंबित केले असेल, तर ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत संहितेनुसार पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के आणि विलंब कामगारामुळे झालेला नसल्यास त्यापुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो.

कारण कामगाराच्या वर्तनात नसून मंदी, पुनर्रचना किंवा यंत्रे येणे हे असेल, तर ती कामगार कपात होय. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कारणे नमूद असलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले की सलग वर्षाची सेवा मानली जाते. त्या २४० दिवसांत पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही मोजल्या जातात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही कॅज्युअल व बदली कामगारांना दर काही महिन्यांनी ब्रेक देणारे ठेकेदार हा हिशेब सोयीने विसरतात. एकाच प्रकारच्या कामावरील लोकांतून कपात करताना शेवटी आलेल्याला आधी काढावे, हा नियम आहे; त्याला अपवाद केल्यास मालकाने कारणे नोंदवावी लागतात. वर्षभरात त्याच कामासाठी पुन्हा भरती झाली तर कपात झालेल्यांना आधी विचारावे लागते, म्हणून काढल्यानंतरही कंपनीच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवून त्यांचे स्क्रीनशॉट काढावेत. कपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन मात्र आता केवळ ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरते आहे. पूर्वी ही संख्या १०० होती. आयटी कंपन्यांना ते लागू नाही; ते लागू आहे, ही अनेकांच्या मनात असलेली गैरसमजूत दूर झालेली बरी.

परिवीक्षेवरील, म्हणजे प्रोबेशनवरील माणसाला साध्या पत्राने काढता येते. पत्रात अप्रामाणिकपणासारखा कलंक लावला असेल तर मात्र चौकशी हवी. ठरावीक मुदतीचा करार मुदत संपून संपला तर ती कपात ठरत नाही. प्रसूती रजेवर असताना किंवा गरोदरपणामुळे स्त्रीला काढणे बेकायदेशीर आहे. अशी नोटीस आली तर ती विलंब न करता कामगार विभागाकडे न्यावी.

हिशेबाचे पैसे

वेतन संहितेनुसार काढल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत देय वेतन मिळायला हवे. "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होते" ही कंपन्यांची सवय आहे, कायदा तसे म्हणत नाही. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, आणि मुदत करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर देय होते, व ती ३० दिवसांच्या आत द्यावी लागते.

उदाहरणादाखल २६,००० रुपये मासिक वेतन आणि ७ वर्षे ८ महिने सेवा असलेल्या कामगाराची कपात झाली असे धरू. सहा महिन्यांवरील अपूर्ण वर्ष पूर्ण धरले जात असल्यामुळे दोन्ही हिशेबांत सेवा ८ वर्षे होते. नोटिशीच्या बदल्यात २६,०००. कपातीची भरपाई, अर्ध्या महिन्याचे १३,००० गुणिले ८, म्हणजे १,०४,०००. ग्रॅच्युइटीत महिना २६ दिवसांचा धरतात, त्यामुळे १५ दिवसांचे १५,००० गुणिले ८, म्हणजे १,२०,०००. एकूण अडीच लाख रुपये, शिवाय साठलेल्या रजेचे पैसे वेगळे. संहितेतील पुनर्कौशल्य निधीत मालकाने आणखी १५ दिवसांचे वेतन भरायचे असून ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे आहे. राजीनाम्याच्या कागदावर सही केली असती तर यातले ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे तेवढे मिळाले असते. हिशेब केवळ बेसिकवर केलेला आढळला तर हरकत घ्यावी, कारण वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरची रक्कम वेतनातच धरावी, असे नवीन संहिता सांगतात.

पैसे घेण्यास नकार देण्याचे कारण नाही, परंतु "सर्व रक्कम मिळाली, माझी कोणतीही मागणी उरलेली नाही" या छापील वाक्याखाली सही करताना सावध राहावे. "निषेध नोंदवून व माझे सर्व हक्क राखून स्वीकारले" असे स्वतःच्या अक्षरात लिहून मगच सही करावी, आणि तसे लिहू देत नसतील तर रक्कम बँकेत जमा करण्यास सांगून तेच वाक्य ईमेलने कळवावे.

दाद कुठे आणि किती दिवसांत

प्रथम सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज करावा. बँका, विमा, रेल्वे, विमानसेवा यांसारख्या केंद्राच्या अखत्यारीतील उद्योगांसाठी केंद्रीय कामगार आयुक्तांचे कार्यालय असते; तिथला अर्ज राज्याच्या कार्यालयात दिला तर महिने वाया जातात. एकट्या कामगाराला काढल्याचा वादही औद्योगिक विवाद मानला जातो, त्यासाठी युनियन पाठीशी असलीच पाहिजे असे नाही. अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत समेट झाला नाही, तर कामगाराला थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते, मात्र काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी काढले गेले असल्यास आपल्याला कोणती मुदत लागू होते हे वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि तोवर दोनच वर्षे आहेत असे धरून चालावे.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, जी गोव्यातील कामगाराला नाही. राज्याच्या १९७१ च्या कामगार संघांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यानुसार सूडबुद्धीने, धादांत खोट्या कारणावरून, घाईघाईने उरकलेल्या चौकशीवरून किंवा किरकोळ चुकीसाठी भरमसाट शिक्षा म्हणून काढणे ही अनुचित प्रथा आहे. तिच्याविरुद्ध कामगार न्यायालयात तक्रार करता येते आणि निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, म्हणजे अंतरिम आदेशही मागता येतो, परंतु तक्रार ९० दिवसांच्या आत करावी लागते. संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत हा कायदा नाही. एकाच वादासाठी दोन्हीकडे कार्यवाही चालवता येत नसल्यामुळे कोणता दरवाजा ठोठवायचा हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी जाणत्या कामगार वकिलाला किंवा युनियनला पहिल्या महिन्यातच भेटावे; तिसऱ्या महिन्यात भेटल्यावर निवड करायला फारसे काही उरत नाही.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो.

काढणे बेकायदेशीर ठरले तर पुन्हा कामावर घेणे, सेवा अखंड धरणे आणि मधल्या काळाचे वेतन अशी मागणी करता येते. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीने काढलेल्याला मागील वेतनासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम असल्याचे म्हटले; प्रत्यक्षात न्यायालये, विशेषतः अल्प सेवेच्या किंवा रोजंदारीच्या प्रकरणांत, एकरकमी भरपाईवरही वाद मिटवतात, आणि निकालाला वर्षे लागतात. समेटाच्या वेळी मालकाने देऊ केलेली रक्कम या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून, वर मांडल्यासारख्या हिशेबाशी ताडून पाहावी. मधल्या काळात दुसरे काम शोधण्यास काहीच हरकत नाही. उलट कुठे अर्ज केले, कोणाचे नकार आले, मधे किती काळ बेकार होतो, याची तारखांसह नोंद ठेवावी, कारण मागील वेतन मागणाऱ्याने आपण त्या काळात बेकार होतो किंवा कमी पगारावर काम करत होतो, हे आधी शपथेवर सांगायचे असते आणि त्यानंतरच ते खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर जाते.